ही हुंडी कुठे वटेल?

माझे वडील कुर्ल्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअर्समध्ये होते. कंपनी पगाराबरोबर जेवणाची कुपनं द्यायची. पाचाची पिवळी, दहाची हिरवी. मागे कंपनीचा जांभळा शिक्का आणि एक तारीख. कॅन्टीनपुरती छापलेली ही कुपनं हळूहळू फाटकाबाहेर आली. आमच्या परळच्या गल्लीतला वाणी ती घेऊ लागला, शंभराच्या कुपनांवर पंच्याण्णवचा माल. महिन्यातून एकदा तो रबर लावलेला गठ्ठा घेऊन कंपनीच्या कॅश खिडकीवर जायचा आणि रोख घेऊन यायचा. आईने कुपनांसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा वेगळा काढला होता. साखर, चहापत्ती, कधी खोबरेल तेल, सगळं त्या डब्यातून यायचं. आमच्या चाळीत निदान दहा घरं तरी त्याच कुपनांवर महिन्याचा शेवटचा आठवडा काढायची.

मग एका पावसाळ्यात कंपनीचं बिनसलं. पगार दोन हप्त्यांत होऊ लागला, कॅश खिडकी बंद झाली. आई छत्री मिटून दुकानात शिरली आणि कुपनं पुढे केली, तेव्हा वाण्याने हात मागे घेतला. “वहिनी, कंपनी मला पैसे देत नाय, मग मी हे कागद कुठे चालवू?” त्या दिवशी आईच्या हातात तीनशे चाळीस रुपयांची कुपनं होती. चार महिन्यांनी खिडकी उघडली, पण तोवर कुपनांवरची तारीख उलटून गेली होती.

कुपनं खोटी नव्हती. शिक्का खरा होता, आकडा खरा होता, आदल्या महिन्यापर्यंत त्यांवर साखर मिळत होती. ती परत घेणारी खिडकी तेवढी बंद होती. पुढे मी स्वतः फोर्टातल्या एका बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅश आणि क्लिअरिंगमध्ये. एखाद्या बड्या कंपनीच्या डिजिटल चलनाबद्दल वाचतो तेव्हा मला आधी ती खिडकी आठवते. ब्लॉकचेन, टोकन, वॉलेट हे शब्द नंतर येतात. हे चलन घेऊन मी आलो तर मला रुपये कोण देणार, किती देणार, आणि कोणत्या दिवशी? सरकारी यंत्रणा कंपन्यांच्या चलनापुढे ज्या अडचणी उभ्या करतात, त्या सगळ्या सोलून पाहिल्या तर आत हाच प्रश्न निघतो. म्हणून त्यांना ‘अडथळे’ म्हणणं मला पटत नाही. हे प्रश्न मोघम विचारले जातात, किंवा कायद्यात न लिहिता कानात कुजबुजले जातात, ते मात्र मला तितकंच खटकतं.

लिब्राचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १८ जून २०१९ रोजी फेसबुकने या चलनाची घोषणा केली. जिनिव्हात एक संघटना, तिचे २८ संस्थापक सदस्य. त्यात व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल, उबर, व्होडाफोन अशी नावं. प्रत्येकाने किमान एक कोटी डॉलर घालायचे आणि २०२० च्या पहिल्या सहामाहीत चलन सुरू करायचं, असा बेत होता. लिब्राचं मूल्य कुठल्या एका देशाच्या चलनाला बांधलेलं नव्हतं, त्यामागे अनेक चलनांची टोपली होती. त्या टोपलीत काय असेल हे सप्टेंबरात एका जर्मन खासदाराला दिलेल्या उत्तरातून कळलं. डॉलर ५० टक्के, युरो १८, येन १४, पौंड ११ आणि सिंगापूरचा डॉलर ७. रुपयाला त्यात जागा नव्हती. आणि त्या वर्षी फेसबुकचंच व्हॉट्सॲप वापरणारे ४० कोटी लोक भारतात होते.

आराखड्यातली दोन कलमं मी त्या वेळी पुन्हा पुन्हा वाचली. पहिलं असं, की सामान्य वापरकर्त्याचा राखीव निधीशी थेट संबंध येणार नव्हता. निधीत पैसे घालणं आणि त्यातून काढणं हे संघटनेने नेमलेल्या मोठ्या विक्रेत्यांनीच करायचं होतं. म्हणजे खिडकीवर वाणी जाणार, आई नाही. विक्रेता घेईल तोवर आपलं चलन चालेल आणि त्याने हात मागे घेतला की आपल्या हातात कागद. दुसरं कलम व्याजाचं. लोक रुपये-डॉलर देऊन लिब्रा घेणार, ते पैसे सरकारी रोख्यांत आणि बँकांत जाणार, त्यावर व्याज मिळणार. त्या व्याजातून खर्च भागवून उरलेलं सुरुवातीच्या गुंतवणूकदारांना लाभांश म्हणून जाणार होतं. ज्याचे पैसे, त्याला शून्य.

या व्याजाच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण वर्तमानपत्रांत तो फारसा आला नाही. नोट काढणाऱ्याला कायम एक फायदा असतो. लोक त्याचा कागद बिनव्याजी खिशात ठेवतात आणि त्या बदल्यात आलेल्या मालमत्तेवर तो कमावतो. आपल्याकडे ही कमाई रिझर्व्ह बँकेची होते आणि उरलेली शिल्लक केंद्र सरकारच्या तिजोरीत जाते. २०२३-२४ साठी ही रक्कम २ लाख १० हजार ८७४ कोटी रुपये होती. ती सगळी नोटांपासून आलेली नाही, परकीय चलनाच्या व्यवहारांचा त्यात मोठा वाटा असतो. पण ती कुठे जाते हे महत्त्वाचं. ती अर्थसंकल्पात दिसते आणि तिच्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो. हीच कमाई एका खासगी संघटनेच्या सदस्यांकडे वळली, तर तिच्यावर प्रश्न विचारायला कुणी कुठे जायचं?

लिब्रावर अमेरिकेत सुरुवातीलाच हरकत आली. प्रतिनिधीगृहाच्या वित्त समितीच्या अध्यक्षा मॅक्सिन वॉटर्स यांनी प्रकल्प थांबवायला सांगितलं. त्याच वर्षी जुलैत ग्राहकांच्या खासगी माहितीच्या हेळसांडीबद्दल फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड झाला होता, त्यामुळे ‘विश्वास ठेवा’ म्हणायला ती वेळच वाईट होती. सप्टेंबरात फ्रान्सचे अर्थमंत्री ब्रुनो ल मेर यांनी लिब्राला युरोपात परवानगी देणार नाही असं सांगून टाकलं. स्वित्झर्लंडच्या ‘फिन्मा’ या नियामकाने त्यामानाने शांतपणे उत्तर दिलं. पेमेंट यंत्रणेचा परवाना लागेल, आणि बँकेसारखी जोखीम घेणार असाल तर बँकेसारखे नियमही पाळावे लागतील. माझ्या मते त्या सगळ्या गदारोळात सर्वांत शहाणं उत्तर तेच होतं.

पण त्यानंतर झालं ते मला मान्य नाही. ८ ऑक्टोबरला दोन अमेरिकन सिनेटरांनी व्हिसा, मास्टरकार्ड आणि स्ट्राइप यांना पत्र लिहिलं. लिब्रात राहिलात तर तुमच्या लिब्राशी संबंधित कामाचीच नव्हे, सगळ्याच पेमेंट व्यवहारांची कडक तपासणी होईल, असा त्याचा आशय. पेपाल आधीच बाहेर पडली होती. पत्रानंतर तीन दिवसांत या तिन्ही कंपन्याही गेल्या. २३ ऑक्टोबरला मार्क झकरबर्ग यांनी वित्त समितीपुढे शब्द दिला की अमेरिकेच्या नियामकांच्या मंजुरीशिवाय जगात कुठेही हे सुरू करणार नाही. पुढे टोपली सोडून एकेका चलनाला बांधलेली नाणी आली, डिसेंबर २०२० मध्ये लिब्राचं नाव ‘डिएम’ झालं, मे २०२१ मध्ये स्विस परवान्याचा अर्ज मागे घेऊन मुक्काम अमेरिकेत हलला. ३१ जानेवारी २०२२ ला सगळं सामान सिल्व्हरगेट नावाच्या बँकेला विकून दुकान बंद झालं. त्या बँकेनेही २०२३ च्या मार्चमध्ये गाशा गुंडाळला. प्रकल्पाचे प्रमुख डेव्हिड मार्कस यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की लिब्रा कायद्याने गेला नाही, राजकारणाने मारला. ते बाधित पक्षच आहेत, त्यांचं सगळं मी जसंच्या तसं धरत नाही. तरी एक गोष्ट उरतेच. अमुक कलमाखाली, अमुक कारणासाठी ‘नाही’, असा अंतिम लेखी आदेश या प्रकरणात कुठेच झाला नाही. बँकेत आम्ही चेक परत करायचो तेव्हा सोबत रिटर्न मेमो लावावा लागायचा, आणि त्यावर कारणाचा क्रमांक. ‘साहेबांना आवडला नाही’ असं कारण त्या यादीत नव्हतं.

खासगी नोटांचा अनुभव मुंबईला नवा नाही. १८४० मध्ये इथे बँक ऑफ बॉम्बे निघाली आणि तिला स्वतःच्या नोटा काढायचा हक्क होता. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तो काढून घेतला आणि नोटा सरकारच्या झाल्या. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरला पोहोचेना, आणि आपल्या कापसावर मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. त्या पैशाने सट्टा माजला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंदांचा शब्द बँकांच्या खिडक्यांवर चालत होता, शेअरच्या तारणावर वाटेल तशी कर्जं दिली जात होती. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला, त्याबरोबर शेअर कोसळले, आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे बुडाली. आज विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर पाहतो तो त्याच प्रेमचंदांच्या देणगीतला, आईच्या नावाने बांधलेला.

या कहाणीतला आपल्या कामाचा भाग असा. बँक बुडाली तेव्हा भागधारकांचं भांडवल गेलं. बाजारातल्या नोटा मात्र चालत राहिल्या, कारण सात वर्षांपूर्वी त्या बँकेच्या राहिलेल्या नव्हत्या. १८६१ चा कायदा झाला नसता तर भुलेश्वरच्या भाजीवालीच्या कनवटीची नोटही त्या सट्ट्याबरोबर गेली असती. तिने बॅकबेचा शेअर घेतलेला नव्हता, तरीही. कंपनीच्या चलनाची खरी भीती हीच आहे. कंपनीचा धंदा बुडाला तर भागधारकाने सोसावं, त्याने जाणूनबुजून जोखीम घेतलेली असते. पण तिचं चलन खिशात बाळगणारा भागधारक नसतो. तो फक्त साखर आणायला निघालेला असतो.

आता आपला कायदा. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ चा. त्याच्या २२ व्या कलमाने नोटा काढायचा हक्क एकट्या रिझर्व्ह बँकेला दिला आहे. ३१ वं कलम त्याहून बारकाईचं आहे. मागताक्षणी, धारकाला, पैसे देण्याचं वचन असलेली हुंडी किंवा वचनचिठ्ठी रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याशिवाय कुणी काढायची नाही. ‘हुंडी’ हा शब्द त्या इंग्रजी कायद्यात तसाच घेतलेला आहे, कारण तो लिहिणाऱ्यांना बाजार ठाऊक होता. जो आणेल त्याला पैसे मिळणारी हुंडी हातोहात फिरली की ती नोटच होते, मग तिच्यावर राजाचं चित्र असो वा नसो. कंपनीचं नाणं फोनमध्ये आहे म्हणून हा प्रश्न बदलत नाही.

आणि ग्राहकाची ओळख पटवण्याचे नियम, ज्यांच्या नावाने आज डिजिटल चलनवाले बोटं मोडतात, तेही काही सरकारने काल शोधून काढलेले नाहीत. आपल्या बाजारात शहाजोग हुंडी होती. ती आणणारा ‘शहा’ हवा, म्हणजे बाजारात पत असलेला, ओळखीचा माणूस. पैसे देणाऱ्याने त्याची चौकशी करूनच रक्कम द्यायची. हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर त्या शहाने पैसे परत करायचे. कुठल्याही सरकारी परिपत्रकाशिवाय झवेरी बाजार आणि मस्जिद बंदरच्या पेढ्यांनी हे पाळलं. पैसा दूरवर पाठवायचा तर मधल्या माणसाची ओळख आणि जबाबदारी ठरलेली हवी, हे त्यांना नुकसान सोसून कळलं होतं.

कुणी म्हणेल, आजची स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरसारख्या चलनाच्या भावाला बांधलेली डिजिटल नाणी, तशी नाहीत, प्रत्येक नाण्यामागे एक डॉलर ठेवलेला असतो. खरं आहे, चांगल्या कंपन्या ठेवतात. पण ठेवलेला असतो कुठे? मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी या नामांकित नाण्याच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत होते. ती बँक शुक्रवारी बंद पडली. शनिवारी ते एक डॉलरचं नाणं ८८ सेंटच्या आसपास घसरलं. पैसे नव्हते असं नाही, पण शनिवार-रविवारी बँका बंद, म्हणून नाण्याच्या बदल्यात डॉलर मिळेनात. रविवारी अमेरिकी सरकारने त्या बँकेच्या सगळ्या ठेवींची हमी घेतली आणि नाणं सावरलं. म्हणजे खासगी चलनाला शेवटी तारलं ते सरकारच्या शब्दाने. चोवीस तास चालणारं नाणं आणि शुक्रवारी संध्याकाळी बंद होणारी खिडकी, यांच्यामध्ये जी फट आहे तिच्यात माणसं पडतात.

मुंबईकरांना ही फट वेगळ्या रूपात माहीत आहे. लिब्रावर जगभर वाद चालू होता त्याच सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येतील. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, ठेव विमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांचे पैसे त्यानंतरही वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत. मी नियामकांची बाजू घेतो, पण हे विसरून नाही. इथे परवाना होता, तपासणी होती, लेखापरीक्षण होतं, आणि तरीही एकाच बिल्डर समूहाला दिलेली कर्जं वर्षानुवर्षं झाकलेली राहिली. नियम असूनही जर असं होतं तर नियमांचा उपयोग काय, असं मला एका तरुण मित्राने विचारलं. मी त्याला म्हटलं, ठेव विमा होता म्हणून लहान ठेवीदाराचा आकडा कायद्याने ठरलेला होता. विलीनीकरण कुणी करायचं हेही ठरलेलं होतं. उद्या कंपनीचं नाणं बुडालं तर ठेव विमाही नाही आणि मोर्चा कुठे न्यायचा तेही ठाऊक नाही. फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या दारात त्या ठेवीदारांना घोषणा तरी देता आल्या. जिनिव्हाला कोण जाणार होतं?

दुसरी काळजी रुपयाची आहे, आणि ती मला कमी वाटत नाही. आज माणूस परदेशात पैसे पाठवतो तेव्हा वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि बँकेतून जाणाऱ्या प्रत्येक डॉलरचा हिशोब आहे. डॉलरला बांधलेलं नाणं जर प्रत्येकाच्या फोनवर, चॅटच्या शेजारच्या बटणावर आलं, तर रुपया जरा डळमळला की लोक एका बोटाने त्यातून बाहेर पडतील. घाबरलेला माणूस तेच करतो, त्याला दोष देता येत नाही. पण तसं झालं की व्याजदर ठरवून महागाई आवरायचं मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेचं हत्यार बोथट होतं. ज्यांच्याकडे फोन आणि शिल्लक दोन्ही आहे ते सुटतात, आणि रोजंदारी रुपयात घेणारा मागे राहतो.

तरीही, परवानग्या लांबवत ठेवणं हेच धोरण, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा शारजात एसीचं काम करतो. मूळचे राजापूरचे. दर महिन्याला तो एक्स्चेंजच्या काउंटरवर रांगेत उभा राहतो, पावतीचा फोटो आईला पाठवतो, आणि काकू तो फोटो घेऊन माझ्याकडे येतात. “बघा हो भाऊ, गेल्या महिन्याएवढेच दिरहम पाठवलेनीत म्हणतो, मग रुपये कमी का?” मी त्यांना शुल्काची ओळ दाखवतो. मग दराची ओळ दाखवतो, कारण खरी कापणी तिथे असते. बाजारभाव आणि पावतीवरचा भाव यांतलं अंतर पावतीवर कुठेच लिहिलेलं नसतं. भारतात परदेशातून वर्षाला १०० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी येते आणि त्यात अशा हजारो काकूंचे पैसे आहेत. लिब्राचा दावा होता की हे पाठवणं निरोप पाठवण्याइतकं स्वस्त करू. गरज अगदी खरी होती. त्या गरजेला नियामकांनी काय उत्तर दिलं, हे विचारायचा काकूंना हक्क आहे.

एक उत्तर इथेच, बीकेसीत तयार झालं. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये यूपीआय आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात त्यावर २ हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. पैसा बँकेतच राहतो, कंपनीचं ॲप फक्त निरोप्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते सिंगापूरच्या पेनाऊ या तशाच यंत्रणेला जोडलं गेलं, म्हणजे दोन देशांची नियंत्रित व्यवस्था एकमेकींना जोडून पैसा पाठवणं शक्य आहे. आखातातून घरी पैसे पाठवण्यासाठी तितकीच सोपी वाट अजून काकूंच्या मुलाच्या हातात आलेली नाही, आणि त्यावर जोर लावायला हवा. रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा ई-रुपयाही १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत प्रयोग म्हणून सुरू झाला. अजून तो माझ्या वाण्याच्या गल्ल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

बड्या कंपनीला पायरी-पायरीने आत घेता येतं, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. व्हॉट्सॲपवरून पैसे पाठवण्याची सोय २०१८ मध्ये चाचणीपुरती आली. त्याच वर्षी ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची असा आदेश काढला आणि कंपनीला तो पाळावा लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये २ कोटी वापरकर्त्यांपुरती मंजुरी मिळाली, मग ४ कोटी, मग १० कोटी, आणि २०२४ च्या अखेरीस मर्यादा उठली. याला फार वेळ लागला असं कंपनीचं म्हणणं असेल. पण प्रत्येक पायरीवर आकडा होता, आणि तो जाहीर होता.

चलनाच्या बाबतीत मात्र आपण असा आकडा कधी सांगितलाच नाही. त्याच ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने दुसरं एक परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनांच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तुमच्या देखरेखीखालच्या संस्थांना यातून प्रत्यक्ष नुकसान झाल्याचं तुम्ही दाखवलेलं नाही, हे त्यामागचं एक मुख्य कारण. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत एक विधेयक आलं, पण सभागृहात मांडलं गेलं नाही. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंगविरोधी कायदा या व्यवहारांनाही लागू झाला. कर आहे, पोलिसी कायदा आहे, पण हे काढायचं तर कुणी, कोणत्या अटींवर, आणि बुडालं तर धारकाचं काय, याचा कायदा नाही. सरकार व्यवहारातला आपला वाटा घेतं आणि खिडकीबद्दल बोलत नाही. आईचा डबा आठवला की मला हे सहन होत नाही.

बाकी जग इतकं मुग्ध राहिलेलं नाही. युरोपात जून २०२४ पासून स्टेबलकॉइनचे नियम लागू आहेत. एका चलनाला बांधलेलं नाणं काढणाऱ्याने धारकाला केव्हाही पूर्ण मूल्याने पैसे परत द्यायचे. परकीय चलनाला बांधलेलं नाणं मालाचे पैसे देण्यासाठी दिवसाला १० लाख व्यवहार आणि २० कोटी युरोच्या वर जाऊ लागलं तर नवीन नाणी काढणं थांबवायचं. युरोपने युरोची काळजी आकड्यात लिहून ठेवली. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये कायदा केला. राखीव निधी रोख किंवा अगदी अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत, दर महिन्याला त्याचा तपशील जाहीर, काढणारा दिवाळखोर झाला तर धारकांचा हक्क आधी. आणि वित्तक्षेत्राबाहेरच्या सूचीबद्ध कंपनीला, म्हणजे फेसबुकसारख्या कंपनीला, नाणं काढायचं तर एका समितीची एकमुखी मंजुरी. लिब्राच्या वेळी जे पत्रांतून आणि दबावातून बोललं गेलं ते सहा वर्षांनी कायद्याच्या कलमात आलं. व्याजाचा मात्र तिथेही तोच घोळ आहे. धारकाला व्याज द्यायला बंदी, आणि कमाई काढणाऱ्याची.

भारतात असा कायदा करायचा तर त्यात काय असावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. रुपयाला बांधलेलंच नाणं, डॉलरला नाही. त्यामागचा प्रत्येक रुपया कंपनीच्या खात्यात नव्हे, रिझर्व्ह बँकेकडे. आज वॉलेट कंपन्यांना ग्राहकांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, त्याच्या एक पाऊल पुढे. त्या निधीवरचं व्याज धारकाचं, किंवा सरकारचं. कंपनीने व्यवहाराचं शुल्क घ्यावं आणि ते पावतीवर, दरातल्या फरकासकट, मराठीत छापावं. चलनाच्या हिशोबातली माहिती जाहिरातीच्या धंद्याला मिळू नये. कंपनीने एखाद्याचं सोशल मीडियावरचं खातं बंद केलं म्हणून त्याचं पाकीट बंद होऊ नये. आणि परत देण्याची खिडकी भारतात हवी, थेट धारकासाठी, मधल्या वाण्याशिवाय, शनिवार-रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीतही उघडी. नाण्यावर मुदत संपण्याची तारीख घालायला पूर्ण मनाई. ॲपमधल्या ‘कॉइन’ना आज ती तारीख सर्रास असते आणि कुणी काही बोलत नाही.

यातलं दुसरं पान रिझर्व्ह बँकेसाठी असावं. अर्ज आला की सहा महिन्यांत उत्तर. होकार असेल तर अटी आणि वापरकर्त्यांचा आकडा, नकार असेल तर कलम आणि कारण, आणि दोन्ही संकेतस्थळावर, कुणालाही वाचता येतील असे. कंपनीच्या भागीदारांना बोलावून इशारे द्यायचे नाहीत. परवाना दिल्यावर दर तिमाहीला राखीव निधीची प्रत्यक्ष तपासणी, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही त्या अहवालावर. २०१९ च्या सप्टेंबरात त्या को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बंद शटरपुढे उभ्या असलेल्या ठेवीदारांना अशी एक सही शोधत फिरावं लागलं होतं.